सुसर मोजता येते, मॉस कसे मोजायचे?

नदीकाठच्या वाळूवर ऊन खात पडलेली सुसर दुर्बिणीतूनही ओळखू येते. लांब निमुळते तोंड, नराच्या नाकावर घड्यासारखा फुगवटा; हिंदीतले घडियाल हे नाव त्यावरूनच आले. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा देशात जेमतेम २०० सुसरी उरल्या असाव्यात, असा अंदाज निघाला. लगेच १९७५ मध्ये मगर प्रकल्प सुरू झाला. वाळूतली अंडी आणून उबवायची, पिल्ले मीटरभराहून मोठी होईपर्यंत सांभाळायची आणि मग नदीत सोडायची. पुढे २००७-०८ च्या हिवाळ्यात चंबळमध्ये शंभरावर सुसरी मेल्या, तेही लपून राहिले नाही. एवढे मोठे प्रेत नजरेआड होत नाही.

आता ताकाकिया हे मॉस पाहू. (आपण मॉसलाही शेवाळच म्हणून मोकळे होतो, तिथूनच घोळ सुरू होतो.) उंची सेंटिमीटरभर. हूकरने सिक्कीममध्ये गोळा केलेल्या नमुन्यावरून मिटन यांनी १८६१ मध्ये त्याचे वर्णन केले, पण लिव्हरवर्ट समजून. पुढे जपानमध्ये त्याची भाऊबंद जात सापडली आणि १९५८ मध्ये ताकाकी या संशोधकाच्या नावावरून ताकाकिया ही प्रजाती मानली गेली. तरी ती मॉस की लिव्हरवर्ट, हा वाद चालूच राहिला. अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांवरील ताकाकियाला बीजाणूंची बोंडे दिसली, ती माहिती १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि वाद मॉसच्या बाजूने मिटला. म्हणजे हे आहे तरी कोण, हे ठरायलाच १३० वर्षे गेली!

धोक्याची मोजणी त्यानंतरची. पण मोजायचे काय? एका गादीत झाड एक की हजार, हे कसे सांगणार? चिनी संशोधकांनी तिबेटमध्ये ४००० मीटरहून उंचावर दहाएक वर्षे ताकाकियाने व्यापलेली जागाच मोजली. ती दरवर्षी सुमारे १.६ टक्क्यांनी घटत होती, असे त्यांनी २०२३ मध्ये मांडले. कारण तापमानवाढ. सुसरीसाठी वाळू राखता येते, जाळी अडवता येतात. उबदार होणाऱ्या डोंगराला कुंपण कसले घालणार?

तरी सुसरींसारखाच उपाय इथेही करून पाहिला गेला. प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे तिबेटात लावली. पाच वर्षांनी त्यांतली काही जगलेली होती.