कोयनेलची पुडी

मंडळी, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत हिवतापाची ओळख कुणाला करून द्यायला नको. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी त्यावर एकच हुकमी औषध होते. सिंकोना झाडाच्या सालीपासून काढलेले कडूजहर कोयनेल!

१८९२ साली बंगालमध्ये हे कोयनेल चक्क पोस्टात मिळू लागले. एका पैशाला एक बंद पुडी. पुढे ही पद्धत मध्यप्रांतातही आली, आणि आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. तुम्ही म्हणाल, औषध पोस्टात कशाला? एक तर, जिथे दवाखाना नाही तिथेही पोस्ट पोहोचते. दुसरे म्हणजे, पुडी बंद आणि भाव ठरलेला. मधल्या माणसाला हात मारायला जागाच नाही.

बाजारातल्या कोयनेलची तऱ्हा मात्र निराळी होती. त्यात भेसळ होई, गोळीत औषध कमी भरले जाई. आणि कोयनेल इतके कडू, की चिमूटभर असले तरी सारी पूड कडू लागते. म्हणजे जिभेची परीक्षाही फसवीच!

पुण्याचे सर हारून जाफर यांनी ९ मार्च १९२७ रोजी दिल्लीच्या राज्यपरिषदेत औषधांवर नियंत्रण आणण्याचा ठराव मांडला. १९३० साली कर्नल चोप्रा यांची चौकशी समिती नेमली गेली आणि १९४० साली औषध कायदा झाला.

कायदा झाला म्हणून लोभ थोडाच सुटतो? १९४२ साली जावा बेट जपानने घेतले आणि जगाला कोयनेल पुरवणारे मोठे कोठारच बंद झाले. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला. उपासाने खंगलेली माणसे हिवतापाने मरत होती, अन् कोयनेल काळ्याबाजारात विकले जात होते.

ही गोष्ट केवळ जुनी नाही. २०२३ साली आपल्या विदर्भातच, कळमेश्वरच्या सरकारी ग्रामीण रुग्णालयातून जंतुनाशक गोळ्यांचे नमुने तपासणीला नेले. त्या गोळ्यांत औषधच नव्हते!

शहरात एका दुकानाची गोळी लागू पडली नाही, तर माणूस दुसरीकडे जातो. भामरागड-एटापल्लीच्या रोग्याला ती सवड नसते. तिकडचा मेंदूत चढणारा हिवताप दोन-चार दिवसांत जीव घेऊ शकतो. शिवाय एक खोटी गोळी अख्ख्या गावाचा विश्वास घालवते. “गोळीने काय होते? पुजाऱ्याकडेच चला,” असे लोक म्हणू लागले, तर खरी गोळीही डब्यात पडून राहते.

म्हणून गुरुजींनो, मुलांना गोळीच्या पाकिटावरचे वाचायला शिकवा. वेष्टन बंद आहे का, मुदतीची तारीख कोणती, ‘विक्रीसाठी नाही’ असे छापलेली पट्टी दुकानात कशी आली? गावाला किती औषध आले अन् कुणाला दिले, हे ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. शंका आली तर वेष्टन जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा. पोस्टातल्या त्या बंद पुडीने जे काम केले, ते आता आपल्या डोळ्यांनी करायचे आहे.