प्रोबेटची सीमारेषा: मुंबई, कोडोली आणि विधवेचा हक्क

१/ पती मृत्युपत्र करून निवर्तला, तर त्याच्या विधवेला प्रोबेट, म्हणजे ते मृत्युपत्र खरे असल्याची न्यायालयाची मोहोर, घ्यावीच लागे का? या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ गाव आणि धर्म पाहून बदलत असे.

२/ प्रोबेट ही मूळची इंग्लंडमधील पद्धत. १७२६ च्या राजसनदेने मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील मेयर कोर्टांना तो अधिकार मिळाला. १८७० च्या हिंदू विल्स कायद्याने हिंदूंची मृत्युपत्रे या चौकटीत आली. तीही बंगाल प्रांत आणि मुंबई व मद्रास शहरे यांपुरतीच.

३/ १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने हीच रेषा कायम ठेवली. पन्हाळा तालुक्यातील कोडोली तेव्हा कोल्हापूर संस्थानात होती. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तरी गाव रेषेबाहेरच राहिले. येथील हिंदू शेतकऱ्याने गावच्या जमिनीचे मृत्युपत्र गावातच केले, तर प्रोबेटची सक्ती नव्हती. त्यात मुंबई शहरातील मालकीची खोली आली, की तिच्यासाठी प्रोबेट लागे.

४/ कोडोलीत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे केंद्र होते. ख्रिस्ती मृत्युपत्रांना कलम २१३ मध्ये शहराची मर्यादा नव्हती. मृत्युपत्राच्या आधारे न्यायालयात हक्क सांगायचा, तर ख्रिस्ती विधवेला प्रोबेट आवश्यक. शेजारच्या हिंदू विधवेला नाही. हा भेद २००२ च्या दुरुस्तीने मिटला.

५/ मृत्युपत्रच नसेल, तर प्रोबेटचा प्रश्नच उद्भवत नाही. तेव्हा तलाठ्याकडे वारस नोंद, मग फेरफार आणि सातबारावर नाव. गरज पडल्यास दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला. त्याचा आधार आजही १८२७ चे मुंबई रेग्युलेशन ८ हाच आहे.

६/ मात्र सातबारावरील नाव म्हणजे मालकी नव्हे. मिताक्षरा परंपरेत एकत्र कुटुंबातील पुत्रवती विधवेला केवळ पोटगी मिळे. १९३७ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात तिला वाटा दिला, पण तो हयातीपुरता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने ती मुलामुलींच्या बरोबरीची वारस आणि कलम १४ नुसार आपल्या वाट्याची पूर्ण मालक झाली.

७/ डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने कलम २१३ च रद्द केले आणि कंपनीच्या काळातील शहरांनी आखलेली रेषा पुसली गेली. मुंबईतील वारसांसाठी ही मोठी घटना. कोडोलीच्या हिंदू विधवेसाठी निर्णायक वर्ष मात्र १९५६ च: प्रोबेटने केवळ कागद सिद्ध होतो, हक्क त्या वर्षी मिळाला.