भोपाळ ते जिद्दा : एका भाड्याचा इतिहास

हजची यात्रा इस्लाम धर्माने सर्वांना सरसकट सक्तीची केलेली नाही. ज्याच्या अंगी शक्ती आहे आणि ज्याची ऐपत आहे, त्याच्यावरच ते कर्तव्य येते. वरवर पाहता हा धर्माचा नियम. परंतु ऐपत या एका शब्दात जहाजाचे आणि विमानाचे भाडे येऊन बसले आहे. भाडे उतरले की कर्तव्य हजारो घरांच्या उंबरठ्याशी येते; भाडे चढले की तेच कर्तव्य दूर जाते. समुद्रापासून शेकडो मैल आत वसलेल्या भोपाळसारख्या शहराने हा चढउतार दीड शतकाहून अधिक काळ अनुभवलेला आहे.

या इतिहासाचा आरंभ एका राणीपासून होतो. भोपाळच्या नबाब सिकंदर बेगम या १८६३ च्या अखेरीस मातोश्री कुदसिया बेगम यांच्यासह निघाल्या आणि मुंबईहून जहाजाने जानेवारी १८६४ मध्ये जिद्द्यास पोहोचल्या. हज करणाऱ्या पहिल्या भारतीय राज्यकर्त्या म्हणून त्यांची गणना होते. त्यांच्यासोबत मोठा लवाजमा होता आणि खर्चाची चिंता नव्हती. तरीही जिद्द्याच्या जकातीवर सामानावरून झालेल्या कटकटीची तक्रार त्यांनी आपल्या प्रवासवृत्तांतात नोंदविली आहे. या वृत्तांताचे इंग्रजी भाषांतर १८७० साली प्रसिद्ध झाले. प्रवासाचा खर्च तिकिटापाशी संपत नाही, हा धडा राणीलाही चुकला नाही. मग सामान्याची कथा काय!

सामान्य यात्रेकरूचा प्रवास सुकर करण्यास दोन गोष्टी कारण झाल्या. एक म्हणजे आगगाडी. १८८० च्या दशकात इटारसीहून भोपाळपर्यंत लोहमार्ग आला. त्यासाठी शाहजहान बेगम यांच्या दरबाराने मोठी रक्कम दिली होती. त्यामुळे मुंबई बंदर भोपाळला जोडले गेले. दुसरी गोष्ट म्हणजे मक्का व मदिना येथे भोपाळच्या बेगमांनी उभारलेल्या धर्मशाळा. त्यांना रुबात म्हणतात. जुन्या संस्थानातील, म्हणजे भोपाळ, सिहोर व रायसेन या भागांतील यात्रेकरूंना तेथे विनामूल्य उतरण्याची सोय ठेवण्यात आली. राहण्याचा खर्च असा वाचल्यावर उरला तो भाड्याचा प्रश्न.

आणि हा प्रश्न अवघड होता. मुंबई ते जिद्दा हे अंतर सुमारे २,३०० सागरी मैलांचे. जुन्या बोटींना त्यासाठी बारा ते पंधरा दिवस लागत. गरीब यात्रेकरू डेकवर दाटीवाटीने बसून जाई. कमी भाडे घेऊन अधिक माणसे भरणे हा कित्येक बोटवाल्यांचा धंदाच झाला होता. १८८० साली ‘जिद्दा’ नावाची बोट सिंगापूर व पेनांगहून नऊशेहून अधिक यात्रेकरूंना घेऊन निघाली. वादळात बोटीत पाणी शिरताच कप्तान व अधिकारी प्रवाशांना तसेच टाकून होडीतून निसटले आणि बोट बुडाल्याची वर्दी त्यांनी एडनला दिली. मागाहून दुसऱ्या एका बोटीने तीच ‘जिद्दा’ प्रवाशांसह ओढत एडनला आणली! या प्रकरणाने साऱ्या जगात खळबळ उडाली. १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने यात्रेकरूंच्या वाहतुकीची व्यवस्था टॉमस कुक कंपनीकडे सोपविली. ती व्यवस्था १८९३ पर्यंत चालली.

याशिवाय १८८२ पासून तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर यात्रेकरूंना क्वारंटीनमध्ये अडकून पडावे लागे आणि त्याचे शुल्कही द्यावे लागे. शिदोरी वाटेतच संपे. कित्येक जण स्वस्त पडते म्हणून केवळ जाण्याचे तिकीट काढीत आणि परतीला पैसे नाहीत म्हणून जिद्द्यात निराधार होऊन बसत. अखेर १९२५ च्या कायद्याने परतीचे तिकीट काढणे किंवा परतभाड्याची रक्कम अनामत ठेवणे बंधनकारक करण्यात आले. अर्ध्या किमतीचे तिकीट पुष्कळदा दुप्पट महाग पडते, हे त्या निराधार माणसांनी आपल्या अनुभवाने सिद्ध केले होते.

भाडे खऱ्या अर्थाने उतरले ते मात्र कायद्याने नव्हे, स्पर्धेने. या मार्गावर मोगल लाइनचे वर्चस्व होते. १९३७ साली सिंदिया कंपनीने ‘एल मदिना’ ही नवी बोट हजच्या वाहतुकीत आणली. सोलापूरचे वालचंद हिराचंद हे या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. दोन्ही कंपन्यांत दरयुद्ध पेटले आणि यात्रेकरूला कधी नव्हे इतके स्वस्त तिकीट मिळू लागले. परंतु दोन व्यापाऱ्यांच्या भांडणातून मिळालेला लाभ त्या भांडणाइतकाच टिकतो. लवकरच महायुद्ध आले आणि १९४४ साली सैनिक वाहून नेत असता ‘एल मदिना’ जपानी पाणबुडीने बुडविली.

योगायोग असा की, त्याच १९३७ साली टाटांची मुंबई–दिल्ली विमानसेवा इंदूर, भोपाळ व ग्वाल्हेर या मार्गाने सुरू झाली. भोपाळच्या आकाशात प्रवासी विमान दिसू लागले. पण त्याचे तिकीट सामान्याच्या स्वप्नातही नव्हते. हजला जाणारा भोपाळकर पुढे कित्येक वर्षे आगगाडीने मुंबईस येई, मुसाफिरखान्यात उतरे आणि बोटीत चढे. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि बोटी कमी होत गेल्या. बोटीच्या व विमानाच्या भाड्यातील फरक सरकार अनुदान म्हणून भरू लागले. १९९५ पासून मुंबई–जिद्दा समुद्रमार्ग बंद झाला.

या अनुदानाविषयी बराच गैरसमज आहे. ती रक्कम यात्रेकरूच्या हाती पडत नसे. ती विमान कंपनीकडे जाई. वाहतूक दोन देशांच्या ठरावीक कंपन्यांकडे असल्याने यात्रेकरूला दराची घासाघीस करण्यास जागाच नव्हती. १९३७ मध्ये डेकवरच्या गरिबाला जी निवड मिळाली होती, ती विमानयुगातील त्याच्या नातवाला उरली नाही. मे २०१२ मध्ये न्यायमूर्ती आफताब आलम व न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या पीठाने हे अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने ते पूर्णपणे थांबविले.

त्याच वर्षी एक नवा पर्याय पुढे आला. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यास विमान कंपनी निवडता येत नाही. पण आपल्या जवळच्या विमानतळाऐवजी दुसऱ्या, स्वस्त विमानतळावरून निघण्याची मुभा मिळाली. भोपाळकरांसाठी तो विमानतळ मुंबईचा. भोपाळचे भाडे अधिक का, याचे कारण समजण्यासारखे आहे. खास यात्रेसाठी ठरविलेले विमान यात्रेकरूंना उतरवून बहुधा रिकामे परतते आणि त्या रिकाम्या फेरीचा बोजाही तिकिटावरच पडतो. मुंबईला यात्रेकरू अधिक आणि विमान कंपन्याही अधिक; साहजिकच दर उतरतो.

मग भोपाळच्या गृहस्थाने काय करावे? त्याने दोन भाड्यांतील फरक मांडावा. त्यातून मुंबईपर्यंतच्या आठशेहून अधिक किलोमीटरांचा रेल्वेखर्च, तेथील मुक्काम आणि सामानाची ने-आण वजा करावी. तरुण दांपत्याला बहुधा मुंबईच परवडेल. सोबत सत्तरीची आई असेल, तर घराजवळून निघणारे महाग विमानही अंती स्वस्त ठरू शकेल. वर्षभर चालणाऱ्या उमरा यात्रेत तर कंपनीची निवडही प्रवाशाच्याच हाती असते. तेथे आखाती शहरात विमान बदलून जाणारे तिकीट स्वस्त दिसते. पण दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर आहेत काय, सामान किती नेता येते आणि मधला मुक्काम किती तासांचा आहे, हे आधी पाहिले पाहिजे. तिकिटे वेगवेगळी असतील आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसऱ्याचे पैसे बुडण्याचा संभव असतो.

दीड शतकात बोटी गेल्या, विमाने आली. दरही चढले आणि उतरले. पण भाड्याचा हिशेब जुनाच राहिला. स्वस्त तिकीट म्हणजे कमी आकड्याचे तिकीट नव्हे. जे प्रवाशाला सुखरूप नेऊन सुखरूप घरी आणते आणि वाटेत दुसऱ्यापुढे हात पसरण्याची वेळ आणत नाही, तेच स्वस्त. जिद्द्याच्या धक्क्यावर परतीच्या भाड्याविना बसून राहिलेल्या त्या अनाम यात्रेकरूंना हा हिशेब फार उशिरा कळला. आजच्या प्रवाशाला तो घरून निघण्यापूर्वी करता येतो.