किल्लारीचा प्रश्न आणि वेरूळची तीन उत्तरं

आजचा एपिसोड थोडा जड आहे, पण हेडफोन काढू नका. सुरुवात एका पहाटेपासून करू.

३० सप्टेंबर १९९३. रात्री गणपती विसर्जन झालेलं. गावं दमून झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं उद्ध्वस्त झाली, सुमारे दहा हजार माणसं गेली. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण माझी आत्या उमरगा तालुक्यात दिलेली. ती अजून एकच वाक्य बोलते, "बाप्पाला पोचवून आलो अन् पहाटे हे झालं. त्याला दिसलं नसंल का रे?"

आत्या शाळेत चौथीपर्यंत गेली. पण तिचा हा प्रश्न म्हणजे तत्त्वज्ञानातला सगळ्यात जुना बग आहे बरं का! देव सर्वशक्तिमान, देव सर्वज्ञ, देव दयाळू. तिन्ही गोष्टी खऱ्या असतील, तर तान्हं लेकरू ढिगाऱ्याखाली का जातं? थांबवता येत नव्हतं, माहीत नव्हतं, की वाटलंच नाही? तीनपैकी एक अट कुठेतरी सैल करावी लागते, नाहीतर चौथं काहीतरी मधे आणावं लागतं.

युरोपात हा वाद पेटला तो १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपानंतर. तोही सणाचा दिवस होता, लोक चर्चमध्ये जमले होते. व्हॉल्तेरने त्यावर कविता लिहिली. पण त्याच्या साधारण हजार वर्षं आधी हाच वाद आपल्याकडे रंगलेला होता. आणि त्यात उतरलेल्या तिन्ही परंपरा आपल्या शहरापासून तीसेक किलोमीटरवर, एकाच डोंगरात शेजारी शेजारी कोरलेल्या आहेत. वेरूळ! शाळेच्या सहलीत आपण तिथे फक्त फोटो काढले. आज पुन्हा चक्कर मारू.

लेणी १ ते १२ बौद्धांची. त्यांचं उत्तर सरळ आहे : जग बनवणारा असा कुणी नाहीच. दुःख आहे, त्याला कारणं आहेत, कारणं हटवली की दुःख हटतं. त्यामुळे 'देवाने असं का केलं' हा प्रश्नच उरत नाही.

मग १६ नंबर, कैलास. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात हे काम झालं. शंकराचार्यही साधारण याच शतकातले मानले जातात. ब्रह्मसूत्रावरच्या भाष्यात ते आपल्या आत्याचीच शंका विरोधकाच्या तोंडी घालतात : कुणाला सुखात ठेवलं, कुणाला दुःखात, म्हणजे ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो. त्यावर त्यांचं उत्तर पावसाचं आहे. पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो, पण साळीच्या बीतून साळ येते, जवाच्या बीतून जव. तसं ईश्वर सर्वांना सारखाच, फरक पडतो तो ज्याच्या त्याच्या कर्माने. आणि पहिलं कर्म कुठून आलं? तर संसाराला सुरुवातच नाही.

शेवटी ३० ते ३४, जैन लेणी. यांच्या काळाच्या आसपास, नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष ज्यांना गुरू मानायचा ते आचार्य जिनसेन होऊन गेले. आदिपुराणात त्यांनी जग निर्माण करणाऱ्या देवालाच उलटतपासणीला उभं केलंय. दयेपोटी जग बनवलं म्हणता? मग सगळं सुखाचंच का नाही बनवलं? बघा, राजघराणं एकच. एका राजाच्या काळात शिवाचं एवढं देऊळ, आणि त्याच घराण्याचा पुढचा राजा असा प्रश्न विचारणाऱ्याला गुरू मानतो!

आता खरं सांगतो. मला तिन्ही उत्तरं तर्कात बसतात, पण आत्यासमोर बसून एकही म्हणवत नाही. कर्माचं उत्तर तर जैन-बौद्धही आपापल्या पद्धतीने मानतात. ते देवाला सोडवतं, पण भार दुखावलेल्यावरच टाकतं. चौदाव्या शतकात चोखोबांच्या मुलाने, कर्ममेळ्याने, हेच विठ्ठलाला तोंडावर विचारलं होतं : आम्हाला असा जन्म दिलासच का? आत्यालाही तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, "मागच्या जन्माचं असतं." ती म्हणाली, "तान्ह्याचं कसलं मागचं?"

शिवाय 'मागच्या जन्माचं' म्हणून थांबलो, तर या जन्मातल्या भिंतींकडे कोण बघणार? किल्लारीत बहुतेक माणसं नुसत्या धक्क्याने नाही, घरांखाली गेली. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचा जड थर. उन्हाळ्यात गार राहणारं घरच अंगावर आलं. पुढे गावं नव्या जागी वसवली, भूकंपात टिकतील अशी घरं बांधली. ते शक्य झालं, कारण कुणीतरी कारण जमिनीवर शोधलं.

पण भिंतीचं उत्तरही आत्याला पुरत नाही. इंजिनिअर म्हणून मला हे कबूल करायला वेळ लागला.

मागच्या रविवारी मी बीबी का मकबऱ्यामागच्या औरंगाबाद लेण्यांत गेलो होतो. ७ नंबरच्या लेण्यात दाराशेजारी अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ संकटं कोरली आहेत. आग, तलवार, बेड्या, फुटणारं जहाज, सिंह, साप, हत्ती, मृत्यू. प्रत्येक संकटात माणसं हात जोडून हाक मारतायत आणि तो त्यांच्याकडे झेपावतोय. संकट का आलं, हे त्या दगडात कुठेच लिहिलेलं नाही. तो फक्त येतो.

तिथून आत्याला फोन लावला. विचारलं, "तेव्हा बरं कशानं वाटलं गं?" थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कोण कुठली पोरं आली होती, नावं पण ठाऊक नाहीत. हातानं दगड उचलत होती."

मंडळी, देवाच्या गुणांचा हिशोब कुठल्याच डोंगरात पूर्ण जुळलेला नाही, माझ्याकडूनही जुळत नाही. पण उद्या कुणाच्या दारात जायची वेळ आली, तर उत्तर घेऊन जाऊ नका. दगड उचलायला जा.

तुमच्या घरात किल्लारीची आठवण असेल तर व्हॉइस नोट नक्की पाठवा. भेटू पुढच्या रविवारी!