मेमरिस्टर तर्कमंडले

संगणकाच्या स्मृतीतच, माहिती तिच्या जागेवरून न हलविता, तार्किक क्रिया घडवून आणणारी विद्युत् मंडले. रूढ संगणकात माहितीचे दप्तर एकीकडे आणि तिच्यावर निर्णय देणारी कचेरी दुसरीकडे असल्यामुळे, काल व ऊर्जा यांचा मोठा हिस्सा केवळ ने-आण करण्यात खर्ची पडतो. हे अंतरच नाहीसे करणे हा या मंडलांचा हेतू होय.

इतिहास : रोधक, धारित्र व प्रवर्तक यांच्या जोडीला विद्युत् भार व चुंबकीय अभिवाह यांचा संबंध जोडणारा चौथा मूलघटक, म्हणजे मेमरिस्टर, असला पाहिजे, असे बर्कली येथील लिऑन च्युआ यांनी १९७१ साली प्रतिपादिले. ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतील स्ट्रुकोव्ह, स्नायडर, स्ट्यूअर्ट व विल्यम्स यांनी २००८ मध्ये टायटॅनियम डाय-ऑक्साइडच्या पातळ थरात तो आढळल्याचे जाहीर केले. च्युआ यांच्या मूळ व्याख्येत तो काटेकोरपणे बसतो किंवा कसे, याविषयी मतभेद आहेत. तर्कमंडलांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे वर्ष २०१० होय. कारण त्या वर्षी बोर्गेट्टी व सहकाऱ्यांनी, स्मृती राखणारा हा घटकच तर्कही चालवू शकतो, हे प्रयोगाने सिद्ध केले.

कार्यपद्धती : मेमरिस्टरचा अल्प रोध म्हणजे १ व उच्च रोध म्हणजे ०, असा संकेत असतो. प आणि फ हे दोन मेमरिस्टर एका सामाईक रोधकामार्गे भूमीला जोडून, प वर अवस्था न पालटविणारा आणि फ वर ती पालटविण्यास पुरेसा, असे दोन विद्युत् दाब एकाच वेळी देतात. प ० असल्यास सामाईक बिंदूचा दाब नगण्य राहून फ वर जवळजवळ पूर्ण दाब पडतो व तो १ होतो. प १ असल्यास तो बिंदू चढतो, फ च्या वाट्याला अपुरा दाब येतो आणि त्याची नोंद कायम राहते. अशा रीतीने ‘प असेल तर फ’ या सोपाधिक विधानाचे सत्यमूल्य फ मध्येच दाखल होते. तिसरा मेमरिस्टर आधी ० करून त्यावर प ची व मागाहून फ ची हीच क्रिया केली असता तीन पायऱ्यांत ‘नँड’ (‘प आणि फ’ याचा नकार) मिळते; आणि एकट्या नँडपासून सर्व तार्किक क्रिया रचता येत असल्यामुळे, कोणतेही गणन स्मृतीत पार पाडण्याची वाट तत्त्वतः मोकळी होते.

इतर पद्धती : टेक्निऑन येथील क्वाटिन्स्की व सहकाऱ्यांची ‘मॅजिक’ (२०१४) ही अशी एक पद्धती; हीत सामाईक रोधक लागत नाही.

मर्यादा : अनेक पायऱ्यांमुळे होणारा विलंब, नोंद हळूहळू ढळणे, मेमरिस्टरांच्या जाळीतील शेजारच्या घटकांतून आडवाटेने वाहणारा प्रवाह आणि पुनःपुन्हा लेखनाने होणारी झीज.