गुन्हेगार जमाती कायदा

जन्मावरून गुन्हेगार ठरविलेल्या समाजांवर देखरेख ठेवण्यासाठी ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात केलेला कायदा. १८७१ चा सत्ताविसावा अधिनियम म्हणून तो प्रथम वायव्य प्रांत, अयोध्या व पंजाब येथे लागू झाला. १९११ च्या अधिनियमाने तो मुंबई व मद्रास इलाख्यांपर्यंत पोहोचला आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. ठगांच्या टोळीत सामील असणे हाच अपराध मानणारा १८३६ चा कायदा हे त्याचे पूर्वरूप होय. मात्र टोळीत मनुष्य दाखल होतो, जमातीत तो जन्मतो, हा भेद कायदेकारांनी दृष्टिआड केला.

जमात गुन्हेगार असल्याची अधिसूचना एकदा निघाली, की तिच्या ग्राह्यतेचा विचार करण्याचा अधिकार न्यायालयासही नव्हता. नोंदवहीत नाव, ठराविक वेळी हजेरी, परगावी जाण्यास परवाना व पुढे बोटांचे ठसे अशी ही व्यवस्था होती. अनुसूचित गुन्ह्याबद्दल दुसऱ्यांदा शिक्षा झाल्यास किमान सात वर्षांचा कारावास आणि तिसऱ्यांदा झाल्यास जन्मठेप काळ्या पाण्याची, अशी १९२४ च्या अधिनियमात तरतूद होती.

या सक्तीने गुन्हे कमी झाले काय, याचे उत्तर सरळ नाही. टोपल्या विणून गावोगाव विकणारे कैकाडी किंवा पाखरे धरून विकणारे पारधी यांचे पोट भटकंतीवर चाले. परवान्याने ती भटकंती अडविली. १८७८ च्या वन अधिनियमाने रानही आक्रसले होते. हजेरी चुकविणे हाच अपराध ठरल्याने कायदाच नवे गुन्हेगार निर्माण करी. चोरी झाली, की तपास नोंदवहीतील नावांपासून सुरू होई. नोंदवहीबाहेरच्या चोराला याहून मोठी सवलत कोणती मिळणार?

मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी, विजापूर इ. ठिकाणी कुंपणबंद वसाहती उभारण्यात आल्या. त्यांचे प्रमुख अधिकारी स्टार्ट यांचा भर गिरणीकामावर व मुलांच्या शिक्षणावर होता. वसाहतींमुळे गुन्हे घटल्याचे प्रतिपादन अधिकारी करीत. परंतु तेथे पहारा आणि नियमित मजुरी ही दोन्ही एकाच वेळी आली, त्यामुळे श्रेय कुंपणाचे की मजुरीचे, हे त्यांच्या अहवालांवरून ठरविता येत नाही. गिरण्यांना मात्र बांधील मजूर मिळाले, हे निश्चित.

मुंबई प्रांतात १९४९ मध्ये व अय्यंगार समितीच्या शिफारशींनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर हा कायदा रद्द झाला. या जमातींना पुढे ‘विमुक्त’ ही संज्ञा मिळाली. त्याच्या जागी आलेले सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे (उदा., मुंबईचा १९५९ चा अधिनियम) जमातीवर नव्हे, तर व्यक्तीला झालेल्या शिक्षांवर आधारलेले होते, तरीही पोलिसांची नजर जुन्याच वस्त्यांवर राहिली. ‘सराईत’ या शब्दाच्या आडून विमुक्तांना वेगळे काढणाऱ्या तुरुंग-नियमावलींतील तरतुदींचा सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी विचार केला आणि विमुक्त जमातींतील व्यक्तींना मनमानीने अटक होऊ नये, याची दक्षता घेण्याचा आदेश पोलिसांना दिला.