वाचा हरपली, गाणे उरले : संगीत व मेंदू यांच्या अभ्यासाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

संगीताचा मनावर परिणाम होतो, हे मानवाला प्राचीन काळापासून ठाऊक आहे. मात्र संगीताचे आकलन मेंदूच्या कोणत्या भागात होते, हा प्रश्न शास्त्रीय स्वरूपात मांडला गेला तो एकोणिसाव्या शतकात. जिवंत मेंदूत डोकावण्याचे साधन तेव्हा नव्हते. त्यामुळे या अभ्यासाचा पाया रुग्णांच्या निरीक्षणावर रचला गेला. ‘संगीताचे केंद्र’ ही कल्पना कशी बदलत गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आरंभीची निरीक्षणे

स्वीडनमधील ओलोफ दालिन याने 1745 मध्ये एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. आजारानंतर या तरुणाची वाचा गेली होती, तरी परिचित स्तोत्रे तो गाऊ शकत असे. काही प्रार्थना तो न गाता, पण लयीत आणि उंच आवाजात म्हणत असे. पुढील अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने त्याच्या गाण्याकडे गेले. लयीचा उल्लेख काहीसा मागे पडला.

1861 मध्ये पॅरिस येथे पॉल ब्रोका यांनी वाचेचा संबंध डाव्या गोलार्धाच्या पुढील भागाशी जोडला. 1888 मध्ये जर्मन वैद्य ऑगस्ट क्नोब्लाउख यांनी मेंदूच्या विकारामुळे संगीतक्षमता नष्ट होण्यास ‘अम्युझिया’ ही संज्ञा दिली. भाषा डावीकडे, तर संगीत उजवीकडे असावे, हा तर्क मग स्वाभाविक ठरला.

दोन संगीतकार

विसाव्या शतकातील दोन उदाहरणे या संदर्भात महत्त्वाची आहेत. फ्रेंच संगीतकार मोरिस रावेल यांना 1930 नंतर मेंदूविकाराने ग्रासले. संगीत ऐकून ते ओळखीत, त्यातील चुका दाखवीत. परंतु मनातील रचना कागदावर उतरविणे त्यांना अशक्य झाले. 1937 मध्ये त्यांचे निधन झाले. याउलट, रशियन संगीतकार विसारिओन शेबालिन यांची भाषा 1959 च्या पक्षाघाताने गंभीररीत्या बाधित झाली, तरी त्यांनी 1962 मध्ये आपली पाचवी सिम्फनी पूर्ण केली. अलेक्सांद्र लुरिया व सहकाऱ्यांनी 1965 मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. शेबालिन यांच्या उदाहरणाने भाषा व संगीत यांच्या वेगळेपणास पुष्टी मिळाली. रावेल यांच्या उदाहरणाने संगीतक्षमता एकसंध नसल्याचे सूचित केले.

केंद्राकडून जाळ्याकडे

1974 मध्ये बीव्हर व किआरेल्लो यांना असे आढळले की, सामान्य श्रोते चाल ओळखताना उजव्या, तर प्रशिक्षित संगीतज्ञ डाव्या गोलार्धावर अधिक विसंबतात. 1995 मध्ये श्लाउग व सहकाऱ्यांनी वयाच्या सातव्या वर्षापूर्वी शिक्षण सुरू केलेल्या वादकांमध्ये दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या तंतुपट्ट्याचा पुढील भाग मोठा असल्याचे दाखविले. स्वर, लय, स्मृती, हालचाल व भावना यांसाठी मेंदूचे अनेक भाग एकत्र कार्य करतात, हे पुढे स्पष्ट होत गेले.

गाण्याच्या आधारे वाचाघातावर उपचार करण्याची पद्धत अमेरिकेत 1973 मध्ये मांडली गेली. तिच्यामागे उजवा गोलार्ध डाव्याची उणीव भरून काढतो, ही धारणा होती. परंतु 2011 मध्ये जर्मन संशोधकांनी 17 रुग्णांच्या अभ्यासातून असे दाखविले की, चालीपेक्षा लय आणि शब्दांचा जुना परिचय यांचा वाटा निर्णायक असतो. दालिन याच्या नोंदीतील लयीत म्हटलेल्या पाठ प्रार्थनांचा अर्थ या निष्कर्षाच्या प्रकाशात उलगडतो.

निष्कर्ष

‘उजवा मेंदू कलेचा, डावा तर्काचा’ हे विधान आजही शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत ऐकू येते. वरील इतिहास पाहता ते अतिसुलभीकरण ठरते. 1993 मध्ये मोट्झार्टचे संगीत ऐकणाऱ्या 36 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये आढळलेल्या अल्पकालीन परिणामावरून ‘संगीताने बुद्धी वाढते’ असा निष्कर्ष काढणेही तितकेच घाईचे होते. संगीताचे शिक्षणातील स्थान अशा दाव्यांवर उभे करणे धोक्याचे आहे, कारण दावा कोसळला की ते स्थानही डळमळते. उलटपक्षी, वाचा हरपलेल्या माणसाच्या ओठी लयीच्या आधारे शब्द परततात, ही वस्तुस्थिती त्यासाठी अधिक भक्कम आधार आहे.